पहिली-दुसरीचे शिक्षक व्हायचे असेल तर

जूनमध्ये शाळेत वर्गवाटप होतं आणि सगळ्यात नव्या शिक्षकाच्या पदरात बहुधा पहिलीचा वर्ग पडतो. मोठे वर्ग अनुभवी माणसांकडे, पहिली नवख्याकडे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, 'पहिलीत काय, अ आ इ तर शिकवायचं.' पंचवीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत घालवल्यावर माझं मत नेमकं उलटं झालं आहे. सातवीच्या मुलाला वर्तुळाचं क्षेत्रफळ जमलं नाही तर ते पुढे कधीतरी जमवता येतं. पहिलीत वाचन हुकलेलं मूल मात्र पुढचा प्रत्येक विषय हुकत जातं. वर्गवाटपाची ही रीत काही लवकर बदलणार नाही. म्हणून शिक्षक व्हायला निघालेल्या मुलामुलींना मी एकच सांगते, आपल्याला पहिलीच मिळणार आहे असं धरून पहिल्या दिवसापासून तयारी करा. परीक्षा आणि कागदपत्रांचं तर सांगतेच, पण जास्त वेळ मी वर्गातल्या तयारीवर घालवणार आहे. क्लासवाले ती शिकवत नाहीत.

अर्ज भरण्याआधी आठ दिवस

बारावीचा पेपर संपला की निकालापर्यंत वेळ असतो. तेव्हा शाळांना सुट्टीचे वेध लागलेले असतात, तरी गावातली अंगणवाडी किंवा शेजारची शाळा गाठा. मुख्याध्यापकांना किंवा अंगणवाडीताईंना रीतसर विचारा आणि रोज तासभर मुलांच्या मागे जमिनीवर बसा. शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. साडेपाच-सहा वर्षांचं मूल एका जागी किती वेळ बसतं? भांडण झालं तर कोणाकडे जातं? एकाला शू लागली की सगळ्या वर्गाला का लागते? नाक पुसायची, चड्डी बदलायची वेळ येईल, तीही बघा. आठ दिवसांनी 'अजून थोडं थांबू या' असं वाटलं तर ही वाट तुमची. दुसऱ्याच दिवशी डोकं दुखायला लागलं तर त्यात कमीपणा नाही, मोठ्या वर्गांसाठी बी.एड.चा वेगळा रस्ता आहे.

हे रस्ते वेगळे आहेत, ही गोष्ट घरच्या मंडळींनाही नीट समजावून सांगा. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपलं जुनं डी.एड. मधल्या काळात, २०१८ साली, शिक्षक प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या केंद्राच्या एनसीटीईने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. तरीही 'आधी बी.एड. करून ठेव, दोन्हीकडे चालतं' असा सल्ला देणारे काका-मामा अजून भेटतात. चालत नाही.

प्रवेश

डी.एल.एड. ही दोन वर्षांची पदविका आहे. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, मात्र महाराष्ट्रात खुल्या गटाला किमान ४९.५ टक्के आणि राखीव गटाला ४४.५ टक्के गुण लागतात. प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत ऑनलाइन होतो, बारावीच्या गुणांवरून गुणवत्ता यादी लागते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रीमीलेअर आणि अधिवास हे सगळं मे महिन्यातच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते.

विद्यालय निवडताना आपल्या जिल्ह्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे डाएटचा, विचार आधी करा. ती सरकारी असल्याने फी कमी, आणि जिल्ह्यातल्या शाळांशी तिचा रोजचा संबंध. खासगी अध्यापक विद्यालयं एके काळी गल्लोगल्ली निघाली होती. नंतर भरती थांबली, मुलं यायची थांबली आणि त्यातली बरीच बंद पडली. जी चालू आहेत त्यांत चांगली आहेत तशी नुसती नावापुरतीही आहेत. पारखायचं कसं? मान्यतेचा कागद मागा, आणि मग दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, 'सराव पाठाला सर मागे बसतात का? पाठ झाल्यावर बोलतात का?' एनसीटीईच्या निकषांप्रमाणे तासांना ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत काढायच्या आठवड्यांना, ९० टक्के हजेरी हवी. 'हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या' असं कोणी म्हणालं तर तिथून चहाही न घेता निघा.

चार वर्षांचा एकात्मिक पदवी अभ्यासक्रमही आता काही संस्थांत सुरू झाला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा कल त्याच्याकडे आहे आणि तीन ते आठ वर्षं हा 'पायाभूत स्तर' त्या धोरणाने एकत्र धरला आहे. जवळपास सोय असेल तर चौकशी जरूर करा. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र बहुतेक जण डी.एल.एड.मार्गेच येतात.

दोन वर्षांत खरोखर शिकायचं ते

पहिल्या वर्षी चार आठवडे आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत असता. हे वीस आठवडे म्हणजे तुमची खरी कमाई. बहुतेक छात्राध्यापक ते पाठ टाचणाची वही सजवण्यात घालवतात. लाल-निळ्या शाईने उद्दिष्ट, पूर्वज्ञान, साहित्य, मूल्यमापन, स्वाध्याय, सगळं चौकटीत सुंदर. माझ्या वर्गात पाठ घ्यायला आलेल्या एका मुलीने कावळ्याचं इतकं देखणं चित्र करून आणलं होतं की ते मळेल म्हणून तिने मुलांना हातच लावू दिला नाही. बाहेर खिडकीत खरा कावळा बसला होता, मुलं त्याच्याकडे बघत होती आणि ही 'फळ्याकडे बघा' म्हणत होती.

दुसरी खोड 'समजलं का?' विचारण्याची. पहिलीचं मूल या प्रश्नाला 'हो बाई' हेच उत्तर देतं, सुरात देतं, आणि चाळीस जणांचा सूर ऐकून आपल्याला बरं वाटतं. त्याऐवजी काम सांगा. 'तुझ्या दप्तरातून तीन वस्तू काढ', 'क कुठे दिसतो तिथे बोट ठेव.' बोट कुठे पडतं त्यावरून कळतं.

भाषा. वाचन शिकवण्याची सुरुवात कानापासून होते. पहिले काही आठवडे गाणी, गप्पा, गोष्टी आणि शब्द तोडण्याचे खेळ घ्या. क-म-ल म्हणताना तीन टाळ्या, ना-क म्हणताना दोन. शब्द आवाजांचा बनतो हे ज्या मुलाला टाळीतून कळलं, त्याला अक्षर म्हणजे त्या आवाजाची खूण हे समजायला वेळ लागत नाही. मग अक्षरं. अ ते ज्ञ हा क्रम शब्दकोशासाठी उत्तम आहे, सहा वर्षांच्या मुलासाठी नाही. त्या क्रमाने गेलात तर अननस आणि आई पाठ होतात, पण आठ दिवसांनीही मूल स्वतःहून एक शब्द वाचत नाही. त्याऐवजी म, क, न, र, ल आणि काना एवढंच घ्या. तेवढ्यावर कान, नाक, मान, काका, मामा, लाल, रान, कमल एवढे शब्द होतात, त्यांतल्या तिघांना तर मूल हात लावून दाखवू शकतं. पुस्तकातल्या अक्षरगटांमागेही हाच विचार असतो, तो समजून घ्या. लिहिताना क्रम वेगळा लागतो, हाताच्या वळणाचा. आपली जुनी 'ग म भ न' म्हणजे तेच, एका वळणातून दुसरं अक्षर.

मुलं कुठे अडतात याची एक वही दोन्ही वर्षं ठेवा. माझ्या वहीत दरवर्षी त्याच जागा येतात. घ-ध आणि भ-म दिसायला सारखे म्हणून गोंधळतात. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, बोलायची नंतर, म्हणून मूल 'किती' वाचताना घुटमळतं. रफाराचं त्याहून अवघड, 'पर्वत'मध्ये र ऐकू येतो व-च्या आधी आणि बसतो व-च्या डोक्यावर. र ला तर चार सोंगं आहेत, पर्वत, क्रम, ट्रक आणि दऱ्या. ही चारही एका दिवसात शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मुलांनी त्यानंतर र शी अबोला धरला. आणि ऱ्हस्व-दीर्घासाठी पहिलीच्या वहीत लाल शाई सांडू नका. मूल 'मी पाणि पीलो' असं स्वतःचं वाक्य लिहितंय, त्याचा आनंद आधी.

घरची भाषा हा याच्याही आधीचा प्रश्न. खानदेशात मुलाला 'पोऱ्या' म्हणतात, मालवणीत मुलीला 'चेडू'. मेळघाटात मुलं कोरकू बोलत येतात, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, डहाणूकडे वारली, तांड्यावर बंजारा. पहिल्या दिवशी बाई छापील मराठीत बोलायला लागल्या की ही मुलं गप्प होतात आणि त्या गप्प राहण्याला आपण 'मंद' असं नाव ठेवतो. नेमणूक कुठे होईल ते आपल्या हातात नाही, पण जिथे जाल तिथले पन्नास शब्द पहिल्या महिन्यात शिका. पाणी, भूक, दुखतं, घरी जायचं, ये, बस. मुलांकडूनच शिका. बाईंना आपल्याला काही शिकवावं लागतं याची त्यांना भारी मौज वाटते.

या वाटेवर महाराष्ट्रात फार मोठं काम झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जायचं, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. त्यांची साधनं म्हणजे शिंपले, बिया, पानं, माती. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या त्या गटात, तर साध्या जिल्हा परिषदेच्या शाळांतच जमिनीवर रंगवलेली चित्रं-अक्षरं आणि गटात शिकणारी मुलं बघायला राज्यभरातून शिक्षक येत. सुट्टीत गावी बसून राहण्यापेक्षा अशी एखादी शाळा बघून या.

गणित. इथे साहित्य फुकट मिळतं. चिंचोके, खडे, आणि झाडूच्या काड्या. दहा काड्यांचा गठ्ठा रबराने बांधायचा, तो दशक. हे मुलानेच मोजून बांधलं पाहिजे, तुम्ही तयार गठ्ठे दिलेत तर त्याच्या लेखी ती नुसती जाड काडी असते. वजाबाकीत हातचा घ्यायची वेळ येईल तेव्हा तोच गठ्ठा सोडायला लावा.

मराठी संख्यानावांचा घोळ मात्र काड्यांनी सुटत नाही. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा आधी पाच ऐकू येतो, म्हणून मूल प्रामाणिकपणे ५ लिहून पुढे २ लिहितं. त्याचा कान शाबूत आहे, चूक भाषेच्या ठेवणीची. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही तर आणखी वाकडी, नाव पुढच्या दशकाचं आणि घर मागच्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर त्यामागचं कारण शांतपणे सांगत होत्या, ऐकून घेणारे थोडे होते. मी स्वतः दोन्ही वापरते. आधी 'वीस पाच' म्हणत काड्या मांडायच्या, लिहायचं, आणि मग त्याचं बाजारातलं नाव पंचवीस. दुकानदार 'वीस पाच' म्हणणार नाही, तेव्हा ते नावही यायलाच हवं.

बहुवर्ग. पटसंख्या कमी असलेल्या शाळांत दोनच शिक्षक असतात. म्हणजे पहिली-दुसरी एकत्र तुमच्याकडे, आणि जोडीदार पंचायत समितीत बैठकीला गेला की चौथीपर्यंत सगळे तुमच्याकडे. आंतरवासितेत शहरातली मोठी शाळा सोयीची वाटते, पण जमलं तर एक टप्पा द्विशिक्षकी शाळेत मागून घ्या. युक्ती एवढीच की एका गटाला शिकवताना दुसऱ्याच्या हातात आधी काम असलं पाहिजे. शब्दपट्ट्या जुळवणं, मणी ओवणं, जोडीने वाचणं. फळ्यावरचं उतरवून काढा हे काम नव्हे, ती नजरकैद आहे.

टीईटी

शिक्षक पात्रता परीक्षा महाराष्ट्रात २०१३ पासून पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक. १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. खुल्या गटाला ६० टक्के, मागासवर्गीय आणि दिव्यांगांना ५५ टक्के लागतात. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटीही चालते, तिचा आराखडा जवळपास हाच, आणि दोन्ही द्यायला हरकत नाही.

निकाल बहुतेक वर्षी एक आकडी टक्क्यांत लागतो, हे ऐकून घाबरायला होतं. पण सर्वात जास्त मुलं घसरतात ती गणितात आणि इंग्रजीत, म्हणजे दहावीपर्यंतच्याच गोष्टींत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पहिलीपासून क्रमाने सोडवत या, मग जुन्या प्रश्नपत्रिका. परिसर अभ्यासासाठी तिसरी ते पाचवीची पुस्तकं ओळन् ओळ वाचा.

मानसशास्त्र पाठ करू नका, करून बघा. अंगणवाडीतल्या मुलासमोर पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. सारख्या आहेत ना, विचारा. मग त्याच्या देखत एक ओळ लांब पसरवा आणि पुन्हा विचारा, 'आता कुठे जास्त?' चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांब ओळीकडे बोट करतात. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे लहान मुलाला उमगत नाही, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेचं म्हणणं तेवढ्यात डोक्यात बसतं, परीक्षेत उपयोगी पडतं, आणि 'याला एवढं साधं कसं कळत नाही' हा राग कायमचा जातो.

पेपर मिळवून देतो, गुण वाढवून देतो म्हणणाऱ्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका. २०१९च्या टीईटीतला गैरव्यवहार उघडकीला आल्यावर साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. त्यांतले काही नोकरीत लागले होते. आणि टीईटी पुढे कधीतरी देऊ हाही विचार सोडा. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या जुन्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर, दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत सध्या पन्नाशीची माणसं डब्याशेजारी प्रश्नसंच ठेवून बसलेली दिसतात.

टेट आणि पवित्र पोर्टल

टीईटी झाली म्हणजे नोकरी लागली नाही. नाव इतकं सारखं की घरचे फसतात. भरतीची गुणवत्ता यादी लागते ती टेटवर, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर. २०० प्रश्न, दोन तास, संगणकावर. अभियोग्यतेला १२० गुण, बुद्धिमत्तेला ८०. हिशोब केलात तर एका प्रश्नाला छत्तीस सेकंद येतात. इथे ज्ञानापेक्षा वेग आणि सोडून देण्याची तयारी लागते. रोज घड्याळ लावून पन्नास प्रश्न अर्ध्या तासात, ही सवय सहा महिने आधी लावा, आणि कागदावर नव्हे तर पडद्यावर.

ही चाचणी दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३च्या सुरुवातीला, तिसरी २०२५ मध्ये. मधल्या पाच वर्षांत माझ्या ओळखीतल्या किती हुशार मुलींनी नाद सोडला आणि कुठे कारकुनी, कुठे शिवणकाम धरलं. म्हणून पदविका हातात आल्यावर नुसतं वाट बघत बसू नका. बाहेरून पदवी सुरू ठेवा, खासगी शाळेत किंवा बालवाडीत शिकवत राहा. पगार तुटपुंजा असतो, पण हात वळतो.

चाचणीनंतर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, माहिती स्वप्रमाणित करायची, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम भरायचा. जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका इथली निवड मुलाखतीशिवाय होते, खासगी संस्थांसाठी मुलाखतीचा पर्याय असतो. प्राधान्यक्रम भरताना घरापासूनचं अंतर एवढंच पाहू नका. लांबचा जिल्हा मिळाला तर आंतरजिल्हा बदलीची वाट किती वर्षं बघायची तयारी आहे, हे घरात बसून आधी बोला, विशेषतः लग्न ठरायचं असेल तर.

निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन पूर्वी सहा हजार होतं, १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झालं. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २९,२०० रुपये मूळ वेतनापासून. परक्या तालुक्यात खोली भाड्याने घेऊन सोळा हजारांत भागवायचं कसं, याचा हिशोब आधीच मांडून ठेवा. गाडीचा हप्ता त्यात बसत नाही.

पहिला जून

रुजू झालात, पहिली मिळाली. शाळा पूर्वतयारी मेळावा होऊन गेला असेल तर त्याच्या नोंदी मागून घ्या. कोणतं मूल अंगणवाडीत गेलं आहे, कोणतं कुठेच गेलेलं नाही, ते त्यात सापडतं. शाळा भरण्याआधी दोन-तीन संध्याकाळी वस्तीवर चक्कर मारा आणि घरात हाक मारतात ती नावं विचारून घ्या. हजेरीपटावर 'ज्ञानेश्वरी' असते, ती आयुष्यात पहिल्यांदा हे नाव ऐकते आणि 'हजर' म्हणत नाही. घरी ती माऊ असते.

हजेरीपट, टाचण, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची म्हणजे सरकारला भरून द्यायची शाळेची माहिती, आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचे तक्ते, हे सगळं अंगावर येईल. पहिल्याच आठवड्यात सगळं नीट करायला जाऊ नका. शेजारच्या वर्गावरच्या जुन्या बाईंना किंवा गुरुजींना मागच्या वर्षीची दप्तरं मागा, त्यातून अर्धं काम समजतं. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पहिलीला शिकवणारी आणखी दोघं-तिघं भेटतील, त्यांचे नंबर घ्या. केंद्रप्रमुखांपेक्षा ती जास्त कामाला येतात.

पहिल्या दिवशी कोणी ना कोणी दाराशी भोकाड पसरेल. आईला 'तुम्ही जा, मी बघते' म्हणून घाईने पिटाळू नका, पहिले चार-पाच दिवस तिला मागे बसू द्या. वरिष्ठ नाक मुरडतील. रडणाऱ्याला गप्प करायच्या मागे न लागता त्याच्या शेजारी चिंचोक्यांचा डबा उपडा करा आणि स्वतः मोजायला बसा. मुद्दाम चुका, सातानंतर नऊ म्हणा. रडं थांबवून 'बाई, आठ राहिले' म्हणणारं एक तरी पोर निघतंच, आणि तुमचा वर्ग तिथून सुरू होतो.